रायपूरचा हिवाळा : मैनपाटचे हिम, मैदानातील धुके आणि उत्तरेकडील प्रवास

डिसेंबर उजाडला की रायपूरच्या वृत्तपत्रांत एक छायाचित्र दरवर्षी हमखास झळकते. मैनपाटच्या पठारावर भाताच्या पेंढ्यावर पसरलेला पांढराशुभ्र थर, आणि त्याखाली 'सरगुजात बर्फ' अशा आशयाची ओळ. छत्तीसगडबाहेरील वाचकाला हे वाचून नवल वाटते. जेमतेम सव्वाएकवीस अंश अक्षांशावर वसलेल्या रायपूरपासून एका रात्रीच्या बसप्रवासाच्या अंतरावर बर्फ कसा पडेल, हा प्रश्न रास्तच आहे. वस्तुतः तो आकाशातून पडलेला बर्फ नसतो. ते गोठलेले दव असते. तथापि त्यामागची थंडी खरी असते. त्याच थंडीमुळे मैदानात दाटणारे धुके, रखडणाऱ्या रेल्वेगाड्या आणि घाटरस्त्यांवरील अपघातांची भीतीही तितकीच खरी असते.

महाराष्ट्रातून रायपूरला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच प्रांताची शहरे होती, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याआधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर होता. बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून येथील कारभार पाहिला. रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग येथे अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या सोयरिकी विदर्भात आहेत आणि हिवाळ्यातील लग्नसराईत दोन्हीकडून ये-जा चालते. यांतील बहुतेकांना रायपूरचा उन्हाळा ठाऊक असतो. हिवाळ्याची मात्र कल्पना नसते.

पाटांचा प्रदेश

छत्तीसगडचा मधला भाग म्हणजे महानदी आणि तिच्या उपनद्यांनी घडवलेले सपाट खोरे. रायपूर शहर खारून नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. येथून उत्तरेकडे निघाले की बिलासपूरपर्यंत भूमी सपाटच राहते. त्यापुढे मात्र चढ सुरू होतो. वायव्येस मैकल पर्वतरांग, उत्तरेस पेंड्रा आणि कोरियाची उंच भूमी, ईशान्येस सरगुजा आणि जशपूर. कर्कवृत्त या उत्तर भागातूनच जाते.

सरगुजा आणि जशपूरमधील माथ्यावर सपाट असलेल्या उंच पठारांना स्थानिक भाषेत 'पाट' म्हणतात. मैनपाट, सामरीपाट, पंडरापाट ही त्यांची नावे. मराठी वाचकाला कास-पाचगणीकडील 'पठार' किंवा 'सडा' या शब्दांवरून त्यांची कल्पना येईल, फक्त येथील खडकात बॉक्साइट आहे. मैनपाटची उंची एक हजार मीटरपेक्षा अधिक आहे. बलरामपूर जिल्ह्यातील सामरीपाटावरील गौरलाटा हे शिखर सव्वाबाराशे मीटरच्या घरात जाते. म्हणजे रायपूरहून मैनपाटावर गेलेला मनुष्य सातशे-आठशे मीटर वर चढलेला असतो. एवढ्या चढाने हवेचे तापमान चार-पाच अंशांनी उतरते. अंबिकापूर हे सरगुजाचे मुख्य ठिकाण सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरमध्ये रायपूरचे सरासरी किमान तापमान १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर अंबिकापूरचे आठ-नऊ अंशांच्या आसपास. थंडीची लाट आली म्हणजे हे आकडे आणखी खाली येतात.

मैनपाटास 'छत्तीसगडचे शिमला' म्हणण्याची प्रथा आहे. मात्र या पठाराची खरी ओळख वेगळी आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींना १९६२-६३ च्या सुमारास येथे वसविण्यात आले. थंड हवा हेच त्यामागील मुख्य कारण होते. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधजवळ गोठणगाव येथे १९७२ मध्ये अशी वसाहत झाली. तेथील उन्हाळ्याशी तुलना करता मैनपाटची वसाहत सुदैवी म्हणावी लागेल. या तिबेटी कुटुंबांचा हिवाळा उलट्या दिशेने जातो. पठारावर गारठा वाढू लागला की त्यांतील अनेक जण लोकरीच्या कपड्यांचा व्यापार करण्यासाठी मैदानातील शहरांत उतरतात.

हिमवृष्टी की गोठलेले दव?

हिमवृष्टीसाठी ढगांतील तापमान शून्याखाली असावे लागते आणि हिमकण जमिनीपर्यंत येताना वितळू नयेत इतका खालचा हवेचा थरही थंड असावा लागतो. मध्य भारतात अशी स्थिती येत नाही. मैनपाट, सामरी, पंडरापाट किंवा कबीरधाम जिल्ह्यातील चिल्फी येथे दिसणारा पांढरा थर याच्या नेमक्या विरुद्ध परिस्थितीत, म्हणजे आकाशात एकही ढग नसताना तयार होतो.

निरभ्र आणि वारा पडलेल्या दीर्घ रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते. जमिनीलगतचा हवेचा पातळ थर त्यामुळे वरच्या हवेपेक्षा अधिक थंड होतो. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरील पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तेथे तीन-चार अंश तापमान नोंदले जात असताना खाली गवताच्या पात्यावर ते शून्याखाली गेलेले असू शकते. 'पारा तीन अंशांवर आणि तरीही बर्फ' या बातमीतील विसंगती केवळ दिसण्यापुरती आहे.

पेंढ्यावर हा थर सर्वांत आधी का दिसतो, याचेही उत्तर यातच आहे. पेंढा (पूर्व विदर्भातील तणस) पोकळ असतो. जमिनीत उरलेली ऊब तो वर येऊ देत नाही. त्यामुळे त्याचा पृष्ठभाग उघड्या मातीपेक्षा लवकर गोठणबिंदूखाली जातो. मोटारींचे टप आणि गवताची टोके यांचेही तसेच.

मराठी वाचकांना हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळा परिसरात थंडीच्या दिवसांत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या उंच भागातही दव गोठते. हिंदी भाषक प्रदेशात याला 'पाला' म्हणतात, आणि सरगुजाच्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द पर्यटकाच्या 'बर्फा'पेक्षा फार निराळ्या सुरात येतो. त्याच्या दृष्टीने ती शोभा नसून नुकसान असते. पेशींतील पाणी गोठून फुगते, पेशीभित्तिका फाटतात आणि सूर्य वर आल्यावर पाने भाजल्यासारखी काळी पडतात. बटाटा, टोमॅटो, वाटाणा आणि तूर ही पिके त्याला लवकर बळी पडतात. जशपूर जिल्ह्यातील लुडेग परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे, तर मैनपाटावर टाऊ या नावाने कुट्टूची लागवड होते. थंडीची सूचना मिळाल्यास सायंकाळी शेताला हलके पाणी द्यावे, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि पाणी गोठताना स्वतःही थोडी उष्णता बाहेर टाकते. एक-दोन अंशांचा हा फरक पीक वाचविण्यास पुरेसा ठरू शकतो.

क्वचित खरोखरीच आकाशातून बर्फ पडतो, पण तो गारांच्या रूपाने. हिवाळ्याच्या उत्तरार्धात गडगडाटी पावसासह होणाऱ्या गारपिटीने उत्तर छत्तीसगडातील रस्ते आणि शेते काही तास पांढरी होतात. छायाचित्रात ही दृश्ये हिमवृष्टीसारखीच दिसतात, आणि त्यांवरून गैरसमज पसरण्यास वेळ लागत नाही.

थंडी येते कोठून

छत्तीसगडच्या थंडीचे मूळ हिमालयात आहे. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणाऱ्या हवेच्या प्रणालींना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. त्यांच्यामुळे काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात बर्फ पडतो. ही प्रणाली पूर्वेकडे निघून गेली की तिच्या मागोमाग बर्फाळ डोंगरांवरून येणारे कोरडे उत्तरी वारे गंगेचे मैदान ओलांडून मध्य भारतात उतरतात. साहजिकच काश्मीरमधील हिमवृष्टीचे वृत्त आल्यावर दोन-तीन दिवसांनी अंबिकापूरचा पारा घसरतो. रायपूरला त्याचा परिणाम आणखी थोड्या विलंबाने आणि सौम्य रूपात जाणवतो.

काही वर्षी हे चक्र लवकर सुरू होते. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ रोजी काश्मीर खोऱ्यात हंगामाच्या मानाने लवकर आणि जोरदार हिमवृष्टी झाली. झाडांवर पाने असतानाच बर्फ साचल्याने सफरचंदाच्या बागांच्या फांद्या मोडल्या, रस्ते बंद झाले आणि वाहने अडकून पडली. दिवाळीच्या सुटीत उत्तरेकडे सहलीस जाणाऱ्या मध्य भारतातील कुटुंबांसाठी अशी अवेळी हिमवृष्टी हा सर्वांत मोठा धोका असतो. जानेवारीत जाणारा प्रवासी तयारीनिशी जातो. नोव्हेंबरात जाणारा मात्र स्वेटरच्या भरवशावर निघतो. हिमाचलमध्ये रोहतांग खिंडीखालून जाणारा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून लाहौलचा मार्ग पूर्वीइतका सहज बंद पडत नाही. परंतु बोगद्याच्या दोन्ही तोंडांकडील रस्त्यांवर बर्फ साचतोच.

छत्तीसगडच्या हिवाळ्यात दुसरा एक घटक अनेकदा खोडा घालतो, तो म्हणजे बंगालचा उपसागर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उपसागरात चक्रीवादळे निर्माण होतात. आंध्र किनाऱ्यावर १७ डिसेंबर २०१८ रोजी आलेले 'फेथाई' आणि ५ डिसेंबर २०२३ रोजी बापटलाजवळ धडकलेले 'मिचाँग' ही त्यांची अलीकडील उदाहरणे. अशा वेळी दमट पूर्वी वारे आणि ढग यांमुळे रात्रीचे तापमान उलट वाढते आणि थंडी गेल्यासारखी वाटते. पण पाऊस पडून आकाश मोकळे झाले आणि उत्तरी वारे पुन्हा सुरू झाले की दोन गोष्टी एकामागोमाग घडतात. प्रथम ओल्या जमिनीवर दाट धुके, आणि नंतर तीव्र थंडी. फेथाईनंतर बाराव्या दिवशी, २९ डिसेंबर २०१८ रोजी, नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस इतके विक्रमी नीचांकी तापमान नोंदले गेले, हे विदर्भातील वाचकांच्या स्मरणात असेल.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून खाली गेले असेल, तर ती थंडीची लाट मानली जाते. तापमान सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक उतरल्यास लाट तीव्र समजतात. पारा चार अंशांवर आला तर सरासरीचा विचार न करताही लाट घोषित होते. डोंगराळ केंद्रांसाठी ही मर्यादा शून्य अंश आहे. छत्तीसगडसाठी हे अंदाज आणि इशारे रायपूर येथील हवामान केंद्र देते.

रायपूरचे धुके

रायपूरच्या नागरिकाला हिवाळ्यात थंडीपेक्षा धुक्याचा उपद्रव अधिक होतो. दृश्यमानता एक हजार मीटरपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्राच्या भाषेत धुके पडले असे म्हणतात. ५०० ते २०० मीटरपर्यंत ते मध्यम, २०० ते ५० मीटरपर्यंत दाट, आणि ५० मीटरच्या आत अतिदाट समजले जाते.

येथील धुके बहुतांशी त्याच प्रक्रियेतून होते जिच्यातून मैनपाटावर हिम होते. रात्री जमीन थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. फरक इतकाच की पठारावर हवा कोरडी आणि अधिक थंड असते, तर मैदानात ती दमट असते. महानदीचे कालवे, असंख्य तळी आणि भातकापणीनंतरही ओलसर राहिलेली खाचरे ही ओलावा पुरवतात. रायपूरच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे आहेत. तेथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांचा धूर आणि शेतात जाळलेल्या काडाचा धूर या थंड हवेच्या थरात अडकतो. धुराचे कण थेंबांना आधार देतात आणि धुके अधिक काळ रेंगाळते. बिलासपूरकडे जाणारा महामार्ग नेमका याच पट्ट्यातून जातो.

असे असले तरी रायपूरचे धुके अल्पायुषी असते. सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन तापले की ते विरते. गंगेच्या मैदानात तसे नाही. तेथे पंजाबपासून बिहारपर्यंत शेकडो किलोमीटर पसरलेला धुक्याचा थर दिवसेंदिवस हटत नाही आणि दुपारीही सूर्यदर्शन होत नाही. या धुक्याचा अभ्यास करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर विशेष प्रयोग हाती घेतला. हे नमूद करण्याचे कारण असे की रायपूरच्या प्रवाशाचे वेळापत्रक रायपूरच्या धुक्यापेक्षा दिल्ली-प्रयागराजच्या धुक्यामुळेच अधिक वेळा कोलमडते.

रेल्वे : दिशा पाहून निर्णय

रायपूर हे मुंबई-हावडा मुख्य मार्गावरील स्थानक असून बिलासपूर येथे मुख्यालय असलेल्या, २००३ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत मोडते. हिवाळ्यात येथून निघणाऱ्या गाड्यांचे सरळ दोन गट पडतात. मुंबई, पुणे, नागपूर येथून येऊन हावड्याकडे जाणाऱ्या गीतांजली, मुंबई-हावडा मेल, आझाद हिंद यांसारख्या गाड्या पंजाबपासून बिहारपर्यंतच्या धुक्याच्या पट्ट्यात शिरत नाहीत, त्यामुळे धुक्याचा त्यांना तुलनेने कमी फटका बसतो. दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांची स्थिती वेगळी आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सारनाथ एक्सप्रेस. दुर्गहून निघून रायपूर, बिलासपूर, पेंड्रा रोड, कटनी, प्रयागराज, वाराणसीमार्गे बिहारमधील छपऱ्यास जाणारी ही गाडी छत्तीसगडातील उत्तर भारतीय कामगार, विद्यार्थी आणि अस्थिविसर्जनासाठी प्रयागला जाणाऱ्या कुटुंबांची जीवनवाहिनी मानली जाते. गेल्या अनेक हिवाळ्यांत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ती आठवड्यातील काही दिवस आधीच जाहीर करून रद्द करण्यात आली आहे. त्यामागे रेल्वेचा हिशेब असा असतो. धुक्यात गाडी दहा-बारा तास उशिरा पोहोचली तर तिचेच डबे घेऊन परतीची गाडी वेळेवर सुटू शकत नाही. काही फेऱ्या वगळल्या तर उरलेल्या फेऱ्यांसाठी डबे उपलब्ध राहतात. हा तर्क चुकीचा नाही. पण दोन महिने आधी आरक्षण केलेल्या आणि पर्यायी थेट गाडी नसलेल्या प्रवाशाला त्याने दिलासा मिळत नाही, आणि रायपूर-दुर्गमध्ये दर हिवाळ्यात याविरुद्ध नाराजी व्यक्त होते. कोरबा-अमृतसर छत्तीसगड एक्सप्रेस, विशाखापट्टणम-निजामुद्दीन समता एक्सप्रेस आणि दुर्ग-निजामुद्दीन संपर्क क्रांती यांनाही उत्तरेकडून परतताना विलंब होतो. रायपूरला लख्ख ऊन पडलेले असताना गाडी आठ तास उशिरा का, असा प्रश्न फलाटावर ऐकू येतो. तिचे डबे आदल्या रात्री मथुरा किंवा अंबाल्याजवळ धुक्यात उभे होते, हे त्याचे उत्तर असते.

धुक्यात गाडी चालविण्याची रेल्वेची पद्धत जुनी आणि सावध आहे. स्थानकापासून १८० मीटरवरील ठरावीक खूण स्टेशन मास्तरला दिसेनाशी झाली की धुक्याचे नियम लागू होतात. सिग्नलच्या सुमारे २७० मीटर अलीकडे रुळावर दोन फटाके बसविले जातात. इंजिनाचे चाक त्यांवरून जाताच मोठा आवाज होतो आणि पुढे सिग्नल असल्याचे चालकास कळते. सिग्नलच्या सूचनाफलकाजवळ रुळांवर चुन्याचे आडवे पट्टेही मारतात. अलीकडील वर्षांत इंजिनात उपग्रहाच्या साह्याने चालणारे 'फॉग पास' हे यंत्र ठेवले जाते. पुढील सिग्नल किती अंतरावर आहे हे ते दाखवते आणि बोलून सांगते. मात्र तो सिग्नल लाल आहे की हिरवा, हे ते सांगत नाही. ते चालकाला स्वतःच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. पूर्वी दाट धुक्यात ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असे, या यंत्रामुळे ती ७५ पर्यंत नेता आली. एरवी शंभराहून अधिक वेगाने धावणारी गाडी रात्रभर या गतीने चालली तर होणारा विलंब टाळता येण्यासारखा नसतो.

बिलासपूर-कटनी मार्गावर खोंगसरा ते पेंड्रा रोड हा घाटाचा टप्पा घनदाट जंगलातून आणि बोगद्यातून जातो. पेंड्रा रोड स्थानक गौरेला गावी आहे. येथील कोरड्या थंड हवेमुळे एके काळी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. मराठी वाचकांना पेंड्रा आणखी एका कारणाने ठाऊक असावे. मराठी घराण्यातील हिंदी लेखक आणि लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चे हिंदी भाषांतरकार माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक येथूनच काढले. २०२० पासून गौरेला-पेंड्रा-मरवाही हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत त्याचे नाव दर हिवाळ्यात असते.

विमानसेवा

रायपूरच्या माना येथील विमानतळास २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. धुक्यात विमान उतरविण्याची क्षमता धावपट्टीवरील उपकरणांवर अवलंबून असते. प्राथमिक श्रेणीच्या अवतरण प्रणालीत धावपट्टीवर किमान ५५० मीटरपर्यंतचे दिसणे आवश्यक असते, तर दिल्लीसारख्या विमानतळावरील सर्वोच्च श्रेणीत ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकते. त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या श्रेणीस पात्र असावे लागतात. रायपूरला धुक्याचा त्रास प्रामुख्याने सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना होतो. विमान घिरट्या घालून नागपूर किंवा भुवनेश्वरकडे वळविले जाते आणि ते परत येईपर्यंत दिवसाचे पुढील वेळापत्रक लांबत जाते. अंबिकापूरजवळील दरिमा येथील विमानतळाचे २० ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले.

रस्ते : धान, धुके आणि घाट

रस्त्यावरील धोका मात्र सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला छत्तीसगडचे एक खास कारण आहे. राज्यात आधारभूत किमतीने धानाची सरकारी खरेदी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि सर्वसाधारणपणे जानेवारीअखेर संपते. म्हणजे धुक्याचे आणि धानवाहतुकीचे महिने एकच. धानाने खचाखच भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेच खरेदी केंद्राच्या रांगेत लागण्यासाठी अंधारात निघतात. खरेदी केंद्रातून साठवण गोदामाकडे आणि गिरण्यांकडे मालमोटारी रात्रंदिवस धावतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. धुक्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली अशी ट्रॉली मागून येणाऱ्यास अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी ३३ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास आणखी पस्तीसेक मीटर लागतात. एकूण ७० मीटरच्या जवळपास. दृश्यमानता ५० मीटर असेल तर ही मोटार धडकणारच. ताशी ४० किलोमीटर वेगाने हेच अंतर २५ ते ३० मीटर होते. लादलेल्या मालमोटारीस आणि दवाने ओलसर झालेल्या रस्त्यावर याहून बरेच अधिक लागते.

रायपूरहून उत्तरेकडे जाण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. एक सिमगा, बेमेतरा, कवर्धा, चिल्फीमार्गे मंडला व जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३०. कवर्ध्यापर्यंत तो सपाट आहे. बोडल्यानंतर मैकल रांगेचा वळणावळणाचा चिल्फी घाट लागतो. घाटाच्या पायथ्याशी धुके आणि माथ्यावर चांदण्यात पांढरे झालेले गवत असे दृश्य एकाच रात्री दिसू शकते. दुसरा मार्ग बिलासपूर, कटघोरा, अंबिकापूर हा राष्ट्रीय महामार्ग १३०. रायपूर ते अंबिकापूर हे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरचे अंतर बहुतेक बसगाड्या रात्री कापतात आणि त्यांचा अखेरचा, जंगलातील टप्पा नेमका पहाटेच्या सर्वांत थंड प्रहरी येतो. कोळसा वाहून नेणाऱ्या अवजड वाहनांचीही या मार्गावर वर्दळ असते. शिवाय कोरबा, सरगुजा आणि जशपूरच्या वनांत हत्तींचे कळप आहेत. धान पिकल्यावर ते शेतांकडे येतात आणि रस्ते ओलांडतात. वन विभाग गावोगावी सूचना देतो, परंतु परगावच्या चालकापर्यंत त्या पोहोचतीलच असे नाही. अंधारात, धुक्यात हत्तीचा राखाडी देह रस्त्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

महाराष्ट्रातून देवरीमार्गे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने रायपूरला येणाऱ्यांना असा घाट नाही. नागपूर-रायपूर हे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर असले तरी राजनांदगाव-दुर्ग पट्ट्यात सकाळी धुके आढळते आणि तेथे अवजड वाहतूक दाट आहे.

बंद खोलीतील धोका

थंडीचा एक बळी रस्त्यावर नव्हे, तर घरात जातो. छत्तीसगडात मातीच्या शेगडीस 'गोरसी' म्हणतात. तीत कोळसा, शेणी किंवा लाकडाचे निखारे ठेवून घर उबदार करतात. दारे-खिडक्या बंद करून गोरसी किंवा सिगडी पेटती ठेवून झोपल्यास अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. उत्तर भारताप्रमाणे येथेही अशा मृत्यूंच्या घटना घडल्या आहेत. घाटात अडकलेल्या मालमोटारीच्या बंद कक्षात शेगडी पेटविणे किंवा काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपणे हे तितकेच घातक आहे. खिडकी चार बोटे उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी निखारे बाहेर काढावेत, एवढी खबरदारी पुरेशी असते.

प्रवाशांसाठी

नोव्हेंबरअखेर ते जानेवारीअखेर या काळात रायपूरहून उत्तर छत्तीसगडात जावयाचे असल्यास दिवसाचा प्रवास श्रेयस्कर. मैनपाटचे हिम पाहण्यास अंबिकापूरहून मध्यरात्री निघण्याची प्रथा पर्यटकांत आहे. ती टाळून पठारावरच मुक्काम करावा. सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तास तरी हिम टिकते. धुक्यात मोटारीचे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत थेंबांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांवर परततो. चालत्या गाडीचे चारही इशारादिवे लावू नयेत. त्यामुळे मागच्याला गाडी उभी आहे की चालू, हे कळत नाही आणि वळण्याचा इशाराही देता येत नाही. थांबणे भाग पडल्यास गाडी डांबरी रस्त्यावरून पूर्णपणे खाली, शक्यतो ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात उभी करावी.

उत्तरेकडील गाडीचे तिकीट असल्यास घरातून निघण्यापूर्वी ती सुटणाऱ्या स्थानकातूनच वेळेवर निघाली आहे काय, हे पाहावे. तिच्या उलट दिशेच्या गाडीची स्थिती पाहिली तर अंदाज अधिक नेमका येतो. रेल्वेने गाडी रद्द केल्यास पूर्ण भाडे परत मिळते. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तरीही गाडी सुटण्यापूर्वी नियमानुसार अर्ज केल्यास पूर्ण परतावा मिळू शकतो. रेल्वे चौकशीसाठी १३९, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, आणि कोणत्याही आपत्कालीन साह्यासाठी ११२ हे क्रमांक आहेत. चिल्फी घाट आणि सरगुजाच्या जंगलपट्ट्यात काही ठिकाणी मोबाईलचे संकेत मिळत नाहीत, त्यामुळे कवर्धा किंवा कटघोरा सोडण्यापूर्वीच घरी निरोप देऊन ठेवावा.